अण्णांची प्रामाणिक गरज

मी पाचवीत होते तेव्हा कुलथे आमच्या घराच्या पुढच्या भागात राहायला आले, आणि मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला जाणार त्या वर्षी अण्णांनी त्यांना जागा खाली करायला सांगितलं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. करार पाच वर्षांचा होता आणि पाच वर्षं झाली होती. माझ्या वडिलांच्या दृष्टीने त्यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नव्हतं.

नगरच्या जुन्या भागातली आमची गल्ली इतकी अरुंद होती की समोरून टांगा आला की सायकलवाल्याला सायकल घेऊन कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. घर रुंदीला बेताचं, पण खोल होतं. रस्त्याकडे ओटा, त्यामागे कुलथ्यांच्या दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर, बाजूने एक बोळ, बोळ संपला की फरशीचं अंगण, अंगणात दोघांत मिळून एक नळ, आणि पलीकडे आमच्या तीन खोल्या. सगळा उजेड आणि वारा रस्त्याकडून यायचा, तो कुलथ्यांकडे थांबायचा. आमच्याकडे यायची ती गल्लीच्या टोकाच्या हातमागांची खटखट आणि कुलथेकाकूंच्या फोडणीचा वास. आईला मधल्या खोलीत तांदूळ निवडायचे तर भर दुपारी दिवा लावावा लागे. त्यामुळे ‘मुदत संपली की’ हे आमच्या घरातलं दिवाळीसारखं वाक्य होतं. मुदत संपली की आई पुढे स्वयंपाकघर करणार होती. मुदत संपली की रस्त्याकडची, मोठ्या खिडकीची खोली मला अभ्यासाला मिळणार होती. माझ्या धाकट्या बहिणीला, बेबीला, काय मिळणार होतं ते ठरलेलं नव्हतं, पण तीही मोठ्या आशेने दिवस मोजत होती.

अण्णा एका शाळेत हेडक्लार्क होते आणि घरातही हेडक्लार्कच होते. किराण्याची यादी ते समास सोडून लिहीत आणि खाली सही करत. बेबीला शाळेच्या गॅदरिंगला संध्याकाळी थांबायचं असलं तर तिला अर्ज लिहावा लागे, आणि त्यात कारण नीट दिलेलं नसलं तर अर्ज शेरा मारून परत येई. तोंडचा शब्द विरून जातो, कागद राहतो, असं ते म्हणत. कुलथ्यांबरोबरचा करार त्यांनी स्टँपपेपरावर स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. ‘मुदत संपताच जागा विनातक्रार खाली करून देईन’ हे वाक्य मला पाठ होतं, कारण शुद्धलेखनाला ते आम्हाला तेच घालत.

कुलथेकाका एका साखर कारखान्याच्या नगरच्या ऑफिसात कारकून होते. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा, कुणालाही न दुखवणारा माणूस. काकू त्यांच्यापेक्षा दोन बोटं उंच आणि चौपट बोलक्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकूंच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांची चव मी नंतर कुठंही घेतली नाही, आणि हे मी माझ्या सुनेसमोर बोलत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मुदत संपत होती. त्या सकाळी अण्णांनी कोट चढवला, काळी टोपी घातली, आणलेल्या पेढ्यांची पुडी आणि करार बरोबर घेतला आणि बोळातून पुढे गेले. बरोबर मला नेलं, साक्षीदार म्हणून. किल्ली घ्यायची, पेढे द्यायचे, आभार मानायचे असा कार्यक्रम त्यांनी मनाशी ठरवला होता. कुलथेकाकांनी दार उघडलं तेव्हा ते बनियनवर होते आणि आत काकू गुढीची काठी धूत होत्या. सामान बांधल्याचं कुठंच काही चिन्ह नव्हतं. काकांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, अण्णांनी करार वाचून दाखवला तो मान हलवत पूर्ण ऐकून घेतला.

“मुदत संपली हे अगदी खरंय, अण्णा,” ते म्हणाले. “पण आम्ही जायचं कुठं?”

अण्णांनी कराराची दोन्ही पानं उलटून पाहिली.

“ते करारात नाही,” ते म्हणाले.

काकांनाही ते पटलं. ते खरोखर विचारात पडले. मग ओशाळून म्हणाले की ऑफिसातल्या एका जाणकाराने त्यांना सांगितलंय, भाडेनियंत्रणाचा कायदा असा आहे की मुदत संपली म्हणून कुणाला निघावं लागत नाही. अण्णांनी चहा अर्धा टाकला. पेढे परत आणावेत की तिथंच ठेवावेत याचा त्यांना निर्णय करता येईना. शेवटी पुडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मी ती बोळात उघडली. त्या दिवसापासून अण्णा कुलथ्यांशी बोलेनासे झाले.

आता बोलणं फक्त कागदावर. पुढच्या दाराला अण्णांनी रजिस्टर नोटीस पाठवली, पोचपावतीसह. कुलथ्यांनीही आदराने रजिस्टरनेच उत्तर दिलं. दोन दारांमध्ये वीस पावलांचं अंतर, पण पत्र पोस्टात जाऊन, शिक्के खाऊन, तिसऱ्या दिवशी परत त्याच बोळात येई. पोस्टमन आधी पुढे चहा घेई, मग मागे येऊन सही घेई आणि पुन्हा चहा घेई. मी एकदा म्हणाले की पत्र मीच नेऊन देते, तर अण्णांनी मला पोचपावतीचं महत्त्व समजावून सांगितलं.

शेवटी अण्णा रसाळ वकिलांकडे गेले. या वेळीही मला नेलं. कागदपत्रांची पिशवी धरायला. रसाळ वकील गोड बोलत आणि बोलताना सुपारी कातरत. त्यांनी करार वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि बाजूला ठेवला.

“मुदत संपली, अण्णा. भाडेकरू नाही संपला,” ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. जागा परत हवी तर मालकाला स्वतःच्या राहण्यासाठी तिची वाजवी आणि प्रामाणिक गरज आहे हे कोर्टाला पटावं लागतं. घरात माणसं किती, त्यांनी विचारलं. चार, अण्णा म्हणाले. खोल्या? तीन. रसाळांनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांच्या मते चार माणसांना तीन खोल्यांत कोंडमारा होतो हे कोर्टाला सांगणं अवघड होतं. पण गावाकडे एखादी बहीण, एखादा चुलतभाऊ असेलच, तो आता इकडे राहायला येणार आहे असं दाव्यात लिहिता येईल.

“पण कुणी येणार नाहीये,” अण्णा म्हणाले.

“येणार आहे असं म्हणायचं. आलंच पाहिजे असं थोडंच आहे?”

अण्णांचा चेहरा त्यांच्याकडे कुणी खोट्या जन्मतारखेचा दाखला मागावा तसा झाला. संध्याकाळी ते चार पोस्टकार्डं घेऊन बसले. कोर्टात खोटं एक अक्षर लिहायचं नाही हे नक्की होतं. नातेवाईक राहायला येणार असं लिहायचं तर नातेवाईक राहायला यायला हवेत, एवढाच त्यांचा हिशोब होता. आईने कपाळाला हात लावला. ती म्हणाली, जागा हवी म्हणून जागा भरायची हे मी कुठं ऐकलं नाही. अण्णांनी तिला दाव्याचा मसुदा वाचून दाखवला.

चार कार्डांपैकी दोन फळाला आली. पहिले आले बाबूनाना, अण्णांचे चुलतभाऊ, श्रीगोंद्याकडचे. तरुणपणी कुस्त्या करत; आता उसाचा सगळा कारभार मुलांच्या हाती दिल्यामुळे दिवसभर मोकळे आणि त्यामुळेच सुनांना नकोसे. कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते एक गादी, एक पितळी तांब्या आणि गुळाची ढेप घेऊन हजर झाले. दावा म्हणजे काय, गरज म्हणजे काय, हे अण्णांनी त्यांना तासभर समजावलं. त्यातलं जेवढं लागलं तेवढं घेऊन नाना दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख करून देऊ लागले.

“मी अण्णाची गरज हाय,” ते छाती पुढे काढून सांगत. “कोर्टात लागनार हाय मी.”

दसऱ्याला गंगूआत्या आली. अण्णांची थोरली बहीण, सोनईच्या जवळच्या खेड्यातली, विधवा, हाताने कष्ट करून उभी राहिलेली बाई. भावाने आयुष्यात पहिल्यांदा ‘तू ये, तुझी गरज आहे’ असं लिहिलं होतं. तिला तो मजकूर शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवला तेव्हा ती रडली होती म्हणे. मागे धार कोण काढणार म्हणून तिने शेळीही आणली होती, एस.टी.च्या टपावर. शेळी तपकिरी होती, तिचं नाव सुंदरी, आणि तिला प्रवासाचा इतका राग आला होता की पहिल्या दिवशी तिने नळाखालचा साबण खाल्ला.

तर आता आम्ही सहा जण आणि शेळी. नाना सकाळी मधल्या खोलीत जोर काढत, तेव्हा फळीवरचे डबे वाजत. आत्या जात्यावर दळल्याखेरीज दुसरं पीठ खात नसे, म्हणून तिने गावाहून जातंही मागवलं, आणि ते तिसऱ्या खोलीत बसलं. गरज दिवसेंदिवस अधिकाधिक प्रामाणिक होत चालली होती. अण्णा समाधानी होते. माझं मात्र भूमितीचं एक प्रमेय जात्याच्या घरघरीत सुरू व्हायचं आणि नानांच्या बैठकांत संपायचं, मधलं काही डोक्यात राहायचं नाही.

त्यात रसाळ वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. कोर्ट नुसती गरज पाहत नाही, जास्त गैरसोय कुणाची होईल तेही पाहतं. झालं. त्या दिवाळीला अण्णांनी घराला चुना लावू दिला नाही. मोडक्या खुर्चीचा पाय बसवायला आलेला सुतार त्यांनी दारातून परत पाठवला. कुलथ्यांच्या वकिलानेही त्यांना तेच सांगितलं असावं, कारण त्यांच्या ओट्याच्या फुटलेल्या पायरीवरही कुणी सिमेंट घालेना, आणि कुणी अनोळखी कोटवाला गल्लीत दिसला की काकू नव्या रेडिओवर जुनं लुगडं टाकत. दोन्ही बिऱ्हाडं एकमेकांपेक्षा दीनवाणी दिसायच्या खटपटीत होती. गल्लीतल्यांना वाटलं, दोघांवर एकदमच काही आपत्ती आली. समोरच्या बाईंनी दोन्हीकडे करंज्यांचं ताट पाठवलं.

परवा माझ्या मुलाने त्याचा पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला. अकरा महिन्यांचा करार, यंत्रावर अंगठा, फोटो, पंधरा मिनिटांत काम. भाडेकरूचं नाव त्याला नीट आठवेना. मी त्याला कुलथ्यांचं सांगायला सुरुवात केली, पण त्याला मीटिंग होती.

मुद्दा असा की मला अभ्यासाला जागा नव्हती. एका दुपारी मी पुस्तकं घेऊन बोळात, नानांच्या वाळत घातलेल्या धोतराखाली बसले होते. काकूंनी खिडकीतून पाहिलं. त्या म्हणाल्या, “सुमन, आत ये. खोली रिकामीच आहे. तशी तुमचीच आहे की.” मी अण्णा शाळेत असल्याची खात्री करून गेले. त्या खिडकीतून येणारा उजेड वहीवर असा पडायचा की आपलं अक्षर आपल्यालाच सुरेख वाटावं. मी रोज जाऊ लागले. ज्या खोलीसाठी कोर्टात दावा चालू होता, त्याच खोलीत मी दावा चालू असताना बसून मॅट्रिकचा अभ्यास करत होते.

पाठोपाठ आई आली. निवडणं-टिपणं उजेडात बरं पडतं, एवढंच ती म्हणाली. आत्याला कळलं की काकूंना हुलग्याचं पीठ घरी दळलेलं हवं असतं. मग जात्यावरचं पीठ पुढे जाऊ लागलं आणि पिठामागून आत्या. नानांना कुलथेकाकांकडे सोंगट्यांचा पट सापडला. काकांना सुट्टी आणि अण्णांची शाळा असेल त्या दिवशी दोघं ओट्यावर तासन् तास बसत. सुंदरीलाही पुढच्या ओट्याची सावली आवडली. हे सगळं अण्णा घरी नसताना किंवा पूजेला बसलेले असताना चाले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. एवढं खरं की ते घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच मोठ्याने खाकरत, आणि मग आम्हाला मागे पळायला पुरेसा वेळ मिळे.

फेब्रुवारीत कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला. आमचा दावा इतक्या लवकर इथवर कसा आला याचं खुद्द रसाळ वकिलांना नवल वाटत होतं. कमिशनर म्हणजे एक तरुण वकील, नवा काळा कोट, नवी टेप. रविवारी अकरा वाजता पाहणी ठरली होती. अण्णांनी शनिवारीच सगळ्यांना ओळीने बसवून सांगितलं, विचारलं तर जे आहे ते सांगायचं, खोटं एक अक्षर बोलायचं नाही. कोण कुठं झोपतं, कोण कुठं जेवतं, याचा तक्ता त्यांनी भिंतीला लावला. नानांनी त्यासाठी दाढी केली.

तो तरुण वकील अकराऐवजी साडेनऊलाच आला. त्याला दुपारी कुणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. अण्णा तेव्हा आमच्या मधल्या खोलीत आरशासमोर होते, अर्ध्या गालाला साबण. आणि आम्ही? काकूंनी त्या सकाळी शेंगोळे केले होते. आदल्या दिवशीच्या ताणाने सगळ्यांनाच भूक लागली होती, आणि अकराला अजून वेळ होता. पुढच्या खोलीत खिडकीखाली मी पुस्तक मांडीवर घेऊन खात होते. बेबी माझ्या शेजारी. आई आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात, काकू चुलीपाशी, काका आणि नाना एका ताटात लसणाची चटणी घेऊन बसलेले. सुंदरी उंबऱ्यात बसून चघळत होती.

रसाळ वकील त्याला घेऊन आधी मागे गेले. अण्णांनी साबण पुसत त्यांचं स्वागत केलं. कमिशनरने तिन्ही खोल्या पाहिल्या, तक्ता वाचला, मोजायला टेप काढली आणि दुसरं टोक धरायला कुणी आहे का, असं विचारलं. अण्णांनी नानांना हाक मारली. मग आईला, मग मला. उत्तर आलं नाही. घरात जातं, नानांची गादी, आमचे कपडे सगळं होतं. माणूस मात्र एकही नव्हता.

मग ते तिघं बोळातून पुढे आले. पहिल्यांदा दारात रसाळ वकील दिसले आणि माझा घास तिथंच थांबला. त्यांच्या मागे कमिशनर, त्याच्या मागे अण्णा, एका गालावर अजून फेस.

कमिशनर भला होता. त्याने कुणाला उठू दिलं नाही. वही उघडून त्याने आधी आत्याला विचारलं की त्या राहतात कुठं.

“ऱ्हाते तिकडं,” आत्या म्हणाली. “बसते हिकडं.”

“आणि जेवता?”

“शिजल तिथं. आज हितं शिजलंय.” तिने अण्णांकडे पाहिलं, तिला वाटलं भावाने सांगितल्याप्रमाणे आपण चोख खरं बोललो. “मंग? खोटं कशाला बोलू?”

नानांनी हात धुवून पुढे येऊन आपली ओळख गरज म्हणून करून दिली. कमिशनरने ते लिहून घेतलं, मग खोडलं. टेपचं दुसरं टोक नानांनी धरलं, आणि कुस्तीच्या सवयीने इतकं ओढलं की कमिशनर भिंतीपासून पुढे सरकला आणि पुढची खोली पहिल्या मोजणीत प्रत्यक्षापेक्षा दीड फूट लहान भरली. काकूंनी कमिशनरला शेंगोळे वाढू का विचारलं. तो गंभीर झाला. पक्षकाराकडे खाता येत नाही, म्हणाला. मग काही वेळाने त्याने विचारलं की पीठ कुणाचं. आत्या म्हणाली, माझं. हुलगे? नाना म्हणाले, माझ्या शेतातले. चूल कुलथ्यांची. कमिशनरने बराच विचार केला आणि हे अन्न नक्की कोणत्या पक्षाचं आहे ते ठरत नाही म्हणून खाल्लं नाही, पण त्याची नजर जाताना पातेल्यावर होती.

माझी पाळी शेवटी आली. अभ्यास कुठं करतेस, त्याने विचारलं. मी अण्णांकडे पाहिलं नाही. इथं, असं म्हणाले. किती दिवसांपासून? दिवाळीपासून. तुझ्या घरी जागा नाही? आहे, मी म्हणाले, पण तिथं गर्दी असते. हे म्हणताना माझ्या लक्षात आलं की ती गर्दी माझ्या डाव्या-उजव्या हाताला बसून जेवतेय.

कमिशनरने अखेर अण्णांना विचारलं, तुमच्या ताब्यातल्या खोल्या तुम्हाला अपुऱ्या पडतात का? रसाळ वकील पटकन पुढे झाले, पण अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी बोळातून मागे, आपल्या तीन मोकळ्या खोल्यांकडे पाहिलं.

“पडतात,” ते म्हणाले. “पण आत्ता या क्षणी, नाही.”

रसाळ वकील ओट्यावर जाऊन बसले.

अहवाल आठवड्याने आला. रसाळांनी तो अण्णांना वाचून दाखवला. मी पिशवी धरून होतेच. मालकाच्या ताब्यातील तीन खोल्यांत पाहणीच्या वेळी एक इसम आढळला, भाडेकरूच्या ताब्यातील जागेत सात इसम व एक शेळी. रसाळ म्हणाले, आपण याला हरकत घेऊ, वेळेआधी आला होता. अण्णांनी अहवाल हातात घेऊन स्वतः वाचला. यात चुकीचं काय आहे, त्यांनी विचारलं. शेळीसुद्धा होती. आणि त्यांनी तिथंच दावा मागे घेण्याच्या अर्जाचा मसुदा स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतला.

हे सांगताना आता हसू येतं. तेव्हा नाही आलं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. कुणाला रागावलेही नाहीत, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. मी कुलथ्यांकडची पुस्तकं उचलून आणली आणि मधल्या खोलीत, जात्याच्या बाजूला, दिवा लावून बसले. परीक्षेला महिना उरला होता. आत्या जात्याला हात लावेना, नाना जोर काढेनात, सगळं घर माझ्यासाठी चिडीचूप, आणि मला एक अक्षर वाचवेना. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अण्णा माझ्यापाशी थांबले.

“तिकडे उजेड बरा आहे का?”

“हो,” मी म्हणाले.

“मग पुस्तकं इकडे कशाला आणलीस?”

त्यांनी वाकून ती सगळी उचलली, मोठी खाली, लहान वर, अशी नीट रचली, आणि बोळातून पुढे निघाले. मी मागोमाग. कुलथ्यांच्या फुटक्या पायरीवर त्यांनी ती ठेवली, धोतराच्या सोग्याने वरची धूळ पुसली आणि वळून परत आले. उंबरा ओलांडला नाही. काका आत खुर्चीतून अर्धे उठून तसेच थांबले होते.

दावा गेला, पण गरजा राहिल्या. आता परत गेलात तरी चालेल असं अण्णांनी नानांना आडून सुचवलं, तर नाना दुखावले. वर्षभर कोर्टासाठी राहिलो आणि एकदाही पुकारा झाला नाही, म्हणाले. अण्णांनी रसाळांना विचारलं, यावर काही कलम आहे का. नातेवाइकांना कुठलाच कायदा लागू नाही, असं त्यांनी सांगितलं.

मी खिडकीपाशी बसूनच अभ्यास पुरा केला आणि परीक्षा दिली. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा नंबर वर्तमानपत्रात यायचे, आणि पुण्याहून पेपरांचा गठ्ठा पहिल्या गाडीने यायचा. अण्णा पहाटेच स्टँडवर गेले. आम्ही सगळे मागे अंगणात नळाभोवती बसून होतो. उन्हं वर आली तरी अण्णा येईनात. आईने देवापाशी साखर ठेवली होती, ती मुंग्यांना सापडली. मग पुढून बोलण्याचा आवाज आला. एक आवाज काकांचा. दुसरा ऐकून आई उठूनच उभी राहिली.

आम्ही बोळातून धावलो. अण्णा कुलथ्यांच्या पुढच्या खोलीत, माझ्या जागेवर, खिडकीपाशी बसले होते. पेपर गुडघ्यांवर उलगडलेला, एका नंबराखाली लाल रेघ. फर्स्ट क्लास आहे, असं ते मला न सांगता काकांना सांगत होते, दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा. काकू डोळे पुसत साखर वाटत होत्या. गल्लीतून येताना पहिलं दार कुलथ्यांचं लागतं, म्हणून आधी इथं सांगितलं, असं अण्णा आईला म्हणाले, आईने काहीच विचारलं नव्हतं तरी.

काकांना ती वेळ बरी वाटली असावी. घसा साफ करून ते म्हणाले, “अण्णा, सांगायचंच होतं. केडगावला प्लॉट घेतलाय. दिवाळीनंतर पाया घालतो. छप्पर चढलं की लगेच तुमची जागा मोकळी करतो. आता उशीर नाही करत.”

आत्या दारात, तिच्यामागे नाना. मी अण्णांकडे पाहत होते. सव्वा वर्ष ज्या वाक्यासाठी त्यांनी नोटिसा, पोचपावत्या, वकील, कोर्ट केलं, ते आयतं समोर आलं होतं. त्यांनी पेपरची घडी घातली, चहाचा कप उचलला, खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं.

“घाई काय आहे?” अण्णा म्हणाले. “बेबीची मॅट्रिक अजून व्हायचीय.”